परत ठेवता येईल असं पुस्तक: शाळेच्या ग्रंथालयात नव्याने बसणाऱ्यांसाठी

शाळेच्या ग्रंथालयाची किल्ली पहिल्यांदा हातात आली की बहुतेक जण दोनपैकी एक काम काढतात. नव्या पुस्तकांची यादी करतात, नाहीतर दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या पुस्तकांची क्रमांकवार नोंद असलेली वही, उघडून पुस्तकं मोजायला बसतात. दोन्ही करायचंच आहे, पण पहिल्या आठवड्यात नको. तो आठवडा नुसता बघण्यात घालवा. कपाटांचा कच्चा नकाशा काढा आणि जिथे मुलाचा हात गेला तिथे टिंब देत जा. कुणी चाळून परत ठेवलं तरी टिंब द्या, कुणी दारातूनच वळलं तर दारापाशी फुली मारा. शनिवारी तो कागद पाहिलात की कळेल, अर्धी टिंबं दोन-तीन कप्प्यांतच दाटली आहेत आणि काही कपाटांजवळ कागद कोरा आहे. खरेदी कशाची करायची हे इतक्यात ठरवू नका. त्या कोऱ्या कपाटांचं काय करायचं ते आधी बघू.

हा लेख सहावी, सातवी, आठवीच्या ग्रंथालयाबद्दल आहे. या वयात दोन गोष्टी एकदम घडतात. कालपर्यंत अधाशासारखी वाचणारी बरीच मुलं पुस्तकांपासून लांब जायला लागतात, आणि नेमकं तेव्हाच शाळा त्यांना 'माहिती शोधून आणा' असं सांगू लागते. वाचनाची गोडी लावणं हे एक काम आणि प्रकल्पाला मदत करणं हे दुसरं, अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. मला ती पटत नाही. दोन्हीकडे लागतं ते एकच: हातातलं पुस्तक निरखायचं, आपल्या कामाचं नसेल तर परत ठेवायचं, दुसरं उचलायचं. कंटाळवाणी गोष्ट विसाव्या पानावर सोडायची मुभा ज्या मुलीला कधी मिळाली नाही, ती निरुपयोगी संदर्भही सोडत नाही. पहिलं जे हाताला लागेल ते उतरवून काढते. पुढे जे सांगितलं आहे ते सगळं या परत ठेवण्याभोवती फिरतं.

पहिली पायरी: कपाटं उघडी आणि वाचता येतील अशी

काचेच्या कपाटाला कुलूप असेल तर आधी ते काढा. मुलांनी स्वतः कप्प्यापर्यंत जाऊन पुस्तक घेणं, म्हणजे मुक्तद्वार पद्धत, याशिवाय पुढचं काहीच जमणार नाही. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच असं की ग्रंथ वापरासाठी असतात. पुस्तकं हरवतील ही भीती खोटी नाही. थोडी हरवतात, काहींची शिवण उसवते. तेवढी तूट धरूनच चाला आणि ती भरून काढायला मुलांकडून दंड घेऊ नका. ज्याच्यावर दंड चढतो तो मुलगा पुस्तकाबरोबर स्वतःही यायचा थांबतो.

मांडणीसाठी बहुतेक शाळांत ड्यूई दशांश वर्गीकरण असतं. मेलविल ड्यूई यांनी ते १८७६ मध्ये पहिल्यांदा छापलं. ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे पुन्हा दहा भाग, असं ते उतरत जातं. ५०० म्हणजे विज्ञान, ५९० प्राणी, ५९९ सस्तन प्राणी. ९०० ला इतिहास-भूगोल, ३९८ ला लोककथा, ७९६ ला मैदानी खेळ. सगळं पाठ करायची गरज नाही. गोष्टींची पुस्तकं मात्र या आकड्यांतून बाहेर काढून वेगळी लावा, लेखकाच्या नावानुसार. गोष्ट शोधणाऱ्या मुलाला आकडा नको असतो.

एक अडचण हमखास येते. सहावीतला एक मदतनीस परत आलेली पुस्तकं लावत होता. मार्जारकुळाचं, म्हणजे वाघ-सिंहांचं पुस्तक ५९९.७५ चं. ते त्याने ५९९.८ च्या, म्हणजे माकडांच्या पुस्तकापलीकडे ठेवलं. मी विचारलं तर म्हणाला, "पंच्याहत्तर आठापेक्षा मोठे ना?" दशांश अपूर्णांक वर्गात नुकते सुरू झाले होते आणि आमच्या कप्प्यावर ते पहिल्यांदा खरे झाले. तेव्हापासून मी मुलांना टिंबानंतरचे आकडे सुटे वाचायला लावते: सात पाच, मग आठ. शंका आली तर आठाच्या पुढे मनातल्या मनात शून्य लावायचं. गणिताच्या शिक्षकांना हे सांगितल्यावर ते आपण होऊन एक तास ग्रंथालयात घ्यायला आले.

आणखी एक छोटी युक्ती. प्रत्येक कपाटात एक कप्पा असा ठेवा जिथे पुस्तकाचा कणा नाही, मुखपृष्ठ समोर येईल. जागा जास्त जाते, पण कोऱ्या कपाटासमोर टिंब उमटायला याहून स्वस्त उपाय मला सापडलेला नाही.

दुसरी पायरी: छाटणी

नवे लोक याला सर्वांत जास्त घाबरतात. पुस्तक टाकायचं म्हणजे पाप, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. पण गच्च भरलेल्या कप्प्यातून मुलाला पुस्तक ओढून काढतासुद्धा येत नाही, आणि जुनी माहिती तर सरळ चुकीचं शिकवते. कप्प्यावर सूर्यमालेची दोन पुस्तकं होती. एकात नऊ ग्रह, एकात आठ. सातवीतल्या दोघी भांडत आल्या की खरं कुठलं. पुस्तकाचं पहिलं पान उलटून मागे बघा, म्हटलं. एक २००१ चं निघालं, दुसरं २०११ चं. मध्ये, २००६ च्या ऑगस्टमध्ये, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो बटुग्रह झाला. नऊ ग्रहांचं पुस्तक मी मुद्दाम ठेवलं, पण टेबलावर, शिकवायला. कप्प्यावर नाही. शनीच्या चंद्रांचा आकडा तर याहून घाईने जुना होतो. २०२५ मध्ये एकाच वेळी १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाली. त्यामुळे अवकाश, संगणक, आरोग्य, नकाशे या विषयांवर दरवर्षी नजर फिरवा. लोककथांकडे दहा वर्षांनी बघितलंत तरी चालेल.

काढलेलं पुस्तक तसंच उचलून देऊ नका. मुख्याध्यापकांची लेखी संमती घ्या आणि दाखल नोंदवहीत त्याच्या क्रमांकासमोर 'रद्द', तारीख आणि कारण लिहा. हे कंटाळवाणं काम आहे, पण तपासणीच्या दिवशी तुम्हाला वाचवतं.

तिसरी पायरी: पुस्तक हातात देणं

"तुला काय वाचायला आवडतं?" हा प्रश्न विचारू नका. बारा-तेरा वर्षांचं मूल याला खांदे उडवण्यापलीकडे उत्तर देत नाही. "शेवटचं काय आवडलं होतं? पुस्तकच असं नाही, सिनेमा, मालिका, खेळ, काहीही" असं विचारा. त्यालाही "काही नाही" आलं तर उलटा प्रश्न टाका: "मग न आवडलेलं सांग." इथे जीभ सुटते. "ज्यात नुसतं वर्णन असतं ते नको." "ज्यात शेवटी सगळे शहाणे होतात ते नको." या दोन वाक्यांत पुरेसं कळलं. पहिल्याला संवाद भरपूर असलेली, पहिल्याच पानावर काहीतरी घडणारी गोष्ट हवी आहे. दुसऱ्याला बोधकथा देऊ नका, एवढंच.

मग एक नाही, तीन पुस्तकं काढून द्या. एक त्याने सांगितल्यासारखं, एक थोडं अवघड, एक अगदी भलतंच. "दोन पानं वाच, नको वाटलं तर इथेच ठेव." एकच पुस्तक दिलं तर ते तुमच्या भिडेखातर घरी जातं आणि आठवड्याने न उघडता परत येतं. तिघांतून निवडलेलं त्याचं स्वतःचं असतं.

चित्रकथा हे वाचनच आहे. तेच पुस्तक चौथ्यांदा नेणं हेही वाचन आहे. 'तुझ्या वयाला हे सोपं आहे' असं म्हणून पुस्तक काढून घेणाऱ्या मोठ्या माणसांना मी ग्रंथालयातून हळूच बाहेर काढते. खास करून पालकदिनी.

आठवीच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवायचं वय गेलं, असा समज आहे. तो एकदा मोडून बघा. चार पानं वाचा, ऐन रंगात थांबा आणि पुस्तक टेबलावर उघडं ठेवून दुसऱ्या कामाला लागा. प्रती दोनच असतील तर मागणीची यादी करावी लागते. रोज एका पुस्तकाबद्दल दोन मिनिटं बोलणं हाही चांगला रिवाज, पण ते शिक्षकांपेक्षा एखाद्या मुलाने केलं तर जास्त लागू पडतं.

सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस देऊ नका. ते मी दोन वर्षं केलं. जूनमध्ये जाडी पुस्तकं नेणारी मुलं नोव्हेंबरपर्यंत सगळ्यांत पातळ पुस्तकांवर आली होती. मुलं हुशार असतात, नियमाप्रमाणे खेळतात. प्रत्येक पुस्तकावर अभिप्राय लिहून मागणंही तसंच. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबद्दल निबंध लिहायचा असता तर आपण दार उघडलं असतं का?

वेळेचंही बघा. आठवड्यातून एकच ग्रंथालयाचा तास असेल आणि पुस्तक मंगळवारी संपलं, तर पुढच्या सोमवारपर्यंत मूल रिकामं बसतं. मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं देवघेव चालू ठेवा. ती दोन मुलांना सोपवता येते, एक शिक्का मारणार, एक नोंद करणार.

कुणी काय नेलं याची चर्चा कधीही नको. उशीर झालेल्यांची नावं वर्गात वाचायची असतील तर नावंच वाचा, पुस्तकांची शीर्षकं नाही. या वयात शरीर बदलत असतं आणि त्याबद्दलची पुस्तकं, ६१२.६ च्या आसपासची, मुलांना हवी असतात पण नोंद करून न्यायला लाज वाटते. ती अशा कोपऱ्यात ठेवा जिथे उभं राहून, कुणाच्या नजरेत न येता वाचता येतील. माझ्याकडची ती पुस्तकं नोंदीप्रमाणे कुणीच नेत नाही, आणि दर वर्षी त्यांचे कोपरे दुमडलेले असतात.

चौथी पायरी: विषयाचा प्रश्न करणं

आता शोधकाम. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मुलांचे सगळ्यांत जास्त तास इथे वाया जातात.

"हत्तीवर प्रकल्प करायचाय" असं म्हणत मुलगी येते. हत्ती हा विषय आहे, त्याचं उत्तर नसतं. म्हणून ती ज्ञानकोश उघडून पहिल्या ओळीपासून लिहायला लागते. तिला आपण नक्कल म्हणतो आणि रागावतो. खरं तर निवडायला काही कसोटीच नसल्यामुळे तिला सगळंच महत्त्वाचं वाटतं. कागदाचे तीन भाग करायला सांगा: मला नक्की माहीत आहे ते, मला वाटतं पण खात्री नाही ते, मला विचारावंसं वाटतं ते. मधल्या रकान्यात सोनं असतं. त्या मुलीने तिथे लिहिलं होतं, "हत्ती माश्या हाकलायला कान हलवतो."

"माश्या नसतील तेव्हा हलवतो का?"

"हलवत असेल."

"मग?"

ती गप्प झाली आणि प्रश्न तयार झाला: हत्ती कान का हलवतो? आता पुस्तकातली निम्मी पानं तिला उलटून टाकता येत होती. आयुर्मान, वजन, सोंडेचे स्नायू, सगळं बाजूला. तिसऱ्या पुस्तकात सापडलं की कानाच्या पातळ कातडीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, कान हलले की त्यातलं रक्त थंड होतं आणि तेच थंड रक्त अंगात परत जातं. शिवाय आफ्रिकी हत्तीचे कान आशियाई हत्तीच्या कानांपेक्षा मोठे का, हा पुढचा प्रश्न तिने स्वतःच काढला. माश्यांचा मुद्दाही तिने वहीत ठेवला, 'हेही एक कारण असू शकतं' असं लिहून.

हे जमायला शिक्षकांशी आधी बोलावं लागतं. प्रकल्प वर्गात जाहीर होण्यापूर्वी तो तुमच्या कानावर यायला हवा, नाहीतर चाळीस मुलं एकाच दिवशी दोन पुस्तकांवर तुटून पडतात. विषय कळला की त्यावरची पुस्तकं एका ट्रॉलीत काढून वर्गात पाठवा आणि तेवढे दिवस ती घरी देऊ नका.

शोधताना शब्द अडतो. पुस्तकाच्या शेवटच्या सूचीत 'मोठे कान' नसतं, 'शरीराचे तापमान' असतं. म्हणून पहिला थांबा ज्ञानकोशाचा: उत्तर उतरवायला नाही, त्या विषयातले चार शब्द उचलायला. मराठीतल्या अनेक माहितीपर पुस्तकांना शब्दसूचीच नसते, ही माझी जुनी तक्रार. त्यावर उपाय म्हणून आठवीच्या मुलांना एकेक पातळ पुस्तक देऊन हाताने सूची करायला लावली आणि ती मागच्या कोऱ्या पानावर चिकटवली. सूची म्हणजे काय हे त्यानंतर कुणाला समजवावं लागलं नाही.

आणि एक गोष्ट शिक्षकांना आधीच सांगून ठेवा. कॅरल कुलथाऊ या अमेरिकी संशोधिकेने १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांच्या शोधकामाचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की विषय निवडल्यावर उत्साह असतो, पण थोडं वाचल्यावर गोंधळ वाढतो आणि आत्मविश्वास खाली येतो. नेमका प्रश्न सापडला की तो पुन्हा वर चढतो. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या तासाला "मॅडम, विषय बदलून द्या" म्हणत येणारी मुलं चुकलेली नसतात. त्या तासाला तुम्ही टेबलामागे नाही, मुलांमध्ये असायला हवं.

पाचवी पायरी: टिपणं

नियम एकच: वाचायचं, पुस्तक मिटायचं, मग लिहायचं. मिटलेल्या पुस्तकातून नक्कल होत नाही. अडलं तर उघडून बघायचं, पुन्हा मिटायचं. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा, आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात पुस्तकाचं नाव, लेखक, वर्ष, पान. सहावीला नाव आणि लेखक पुरे. पान क्रमांक सातवीपासून मागावा.

वर्ष आणि प्रकाशक शोधायला मुलं मुखपृष्ठ उलटसुलट करत बसतात. ते शीर्षकाच्या पानामागे असतं. तिथेच आयएसबीएन, म्हणजे त्या पुस्तकाची ओळख पटवणारा आकडा असतो. २००७ पासून तो तेरा अंकी आहे. त्याचे अंक डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करा, तिला १० ने नि:शेष भाग जातो. एका अंकाची चूक झाली की जात नाही. संशोधनाशी याचा फारसा संबंध नाही, पण पावसाळी दुपारी मुलं यात अर्धा तास रमतात.

सहावी पायरी: पडद्यावरचं

इंटरनेट बंद ठेवून भागत नाही. सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला, २०१७ मध्ये मांडलेला अभ्यास मी मुलांना नेहमी सांगते. त्यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. अभ्यासक आणि विद्यार्थी त्याच पानावर खाली-वर करत राहिले आणि चांगला लोगो, नीटनेटकी मांडणी यांना बऱ्याचदा फसले. तपासनीस मात्र लगेच त्या पानावरून उठले आणि बाकीचे लोक या संकेतस्थळाबद्दल काय म्हणतात ते शोधायला गेले. मुलांना एवढंच सांगते: ज्याच्यावर शंका आहे त्यालाच 'तू खरा का' असं विचारत बसू नका, शेजाऱ्याला विचारा.

विकिपीडियाला हाकलू नका. तिथून शब्द घ्या, लेखाखालचे संदर्भ बघा, त्यातलं एखादं आपल्याकडे आहे का ते तालिकेत, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या यादीत, शोधा. चॅटबॉटचं जरा वेगळं आहे. तो पुस्तकाचं नाव, लेखक, वर्ष असं सगळं ठामपणे सांगतो आणि तसं पुस्तक अस्तित्वातच नसतं, असं होतं. आठवीतल्या एकाने अशी पाच नावं आणली. आम्ही दोघांनी मिळून ती शोधली, तीन कुठेच नव्हती. तो चिडला, आणि पुढच्या वेळी यादी आणण्यापूर्वी स्वतः तपासून आला.

सातवी पायरी: एक वही

आता खरेदीकडे या. देवघेवीचे आकडे वर्षअखेरीला मागितले जातात, ते ठेवाच. पण त्याशिवाय टेबलावर दोरीने पेन बांधलेली एक वही ठेवा: 'इथे उत्तर न मिळालेले प्रश्न'. मुलांनी स्वतः लिहायचं, नाव घालायची सक्ती नाही. दर तीन महिन्यांनी ती वाचा आणि यादी त्यातून करा.

माझ्या वहीत सहावीतल्या एका मुलीने लिहिलं होतं, 'मुंग्या पाण्यात बुडतात का?' कीटकांवर आमच्याकडे होतं ते एकच पुस्तक, तेही फुलपाखरांचं. मुंग्यांचं चांगलं पुस्तक मिळवून, दाखल करून, कण्यावर चिठ्ठी चिकटवून तिला बोलावणं धाडेपर्यंत चार महिने गेले. तिने उभ्या उभ्या दहा-बारा पानं चाळली, एका चित्रापाशी थांबली, पुस्तक जागेवर ठेवलं. मग वही ओढून लिहिलं, 'सायकलचा गिअर बदलला की चढ सोपा का होतो?'